पुसणे आणि पुन्हा लिहिणे : वापरलेल्या लॅपटॉपचा विचार

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा दिल्लीच्या नेहरू प्लेसमध्ये वापरलेला लॅपटॉप विकत घेणाऱ्या विद्यार्थ्याला दुकानदार बहुधा एक आश्वासन देतो : ‘फॉरमॅट मारून, नवीन विंडोज टाकून दिले आहे.’ या एका वाक्यात दोन भिन्न क्रिया एकत्र आल्या आहेत. पूर्वीच्या मालकाचा मजकूर नाहीसा करणे ही एक, आणि यंत्र पुन्हा उपयोगात यावे म्हणून त्यावर ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे यंत्राची कार्यप्रणाली, नव्याने बसविणे ही दुसरी. दुसरी क्रिया झाली म्हणजे पहिली आपोआप झाली, अशी समजूत सर्वत्र रूढ आहे. ती वस्तुस्थितीला धरून नाही. आणि विद्यापीठात संशोधन करणाऱ्यांच्या बाबतीत तर ती केवळ तांत्रिक गैरसमज म्हणून सोडून देण्यासारखीही नाही.

पदव्युत्तर विद्यार्थी या बाजारात प्रथम ग्राहक म्हणून येतो आणि काही वर्षांनी विक्रेता म्हणून. ग्राहक असताना त्याच्या हाती बहुधा एखाद्या कंपनीने तीन-चार वर्षे वापरून घाऊक विकलेले यंत्र पडते. तो विक्रेता होतो तेव्हा त्याच्या यंत्रात क्षेत्रकार्यातील ध्वनिमुद्रणे, मुलाखतींच्या संहिता, निवेदकांची खरी नावे आणि प्रबंधात योजलेली टोपणनावे यांचा मेळ घालणारी यादी, असे पुष्कळ काही साठलेले असते. आपले नाव कोठेही येणार नाही ना, असे निवेदकाने विचारलेले असते व संशोधकाने तसे आश्वासन दिलेले असते. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ साली संमत झाला, आणि अशा माहितीच्या जपणुकीला वैधानिक रूप मिळाले. परंतु संशोधकाने दिलेले आश्वासन त्या कायद्यावर अवलंबून नव्हते, आणि लॅपटॉप विकल्याने ते संपुष्टातही येत नाही.

‘पाटी कोरी करणे’ हा आपला वाक्प्रचार येथे दिशाभूल करतो. पाटीवर ओल्या फडक्याची अक्षराशी थेट गाठ पडते. संगणकात तसे घडत नाही. ग्रंथालयाची उपमा अधिक यथार्थ ठरेल. ग्रंथालयात ग्रंथ कपाटात असतात आणि त्यांचे स्थान सूचिपत्रात नोंदलेले असते. हार्ड डिस्कवरही मजकूर एका ठिकाणी व त्याची नोंद दुसऱ्या ठिकाणी असते; विंडोजमध्ये या नोंदवहीला ‘मास्टर फाइल टेबल’ म्हणतात. फाइल पुसली असता तिच्या नोंदीवर ‘रद्द’ अशी खूण होते आणि ती जागा मोकळी असल्याचे मानले जाते. ग्रंथ कपाटातच राहतो. पुढे केव्हातरी त्याच जागी नवा ग्रंथ ठेवला गेला तरच जुना जातो. ‘क्विक फॉरमॅट’ म्हणजे तर जुने सूचिपत्र बाजूला सारून कोरे सूचिपत्र मांडणे होय. विंडोज बसविण्याचा कार्यक्रम डिस्क फॉरमॅट करतो तो याच पद्धतीने.

त्यानंतर जी प्रणाली बसविली जाते ती फार तर वीस-पंचवीस गिगाबाइट जागा व्यापते. डिस्क पाचशे गिगाबाइटची असेल तर सुमारे विसावा हिस्सा नव्याने लिहिला गेला. उरलेल्या भागाला कोणी स्पर्शही केलेला नाही. अनेकदा दुकानात ‘सी’ ड्राइव्हच तेवढा फॉरमॅट होतो आणि ‘डी’ व ‘ई’ हे ड्राइव्ह जसेच्या तसे राहतात. जुने पार्टिशन न काढता त्याच जागी विंडोज बसविले, तर पूर्वीच्या फाइली ‘विंडोज.ओल्ड’ नावाच्या फोल्डरात शाबूत सापडतात. त्या पाहण्यास कोणत्याही विशेष विद्येची गरज नाही.

या विधानास प्रत्यक्ष पुरावा आहे. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील सिमसन गारफिंकल व अभी शेलत यांनी २००० ते २००२ या काळात वापरलेल्या १५८ हार्ड डिस्क बाजारातून विकत घेतल्या व त्यांची तपासणी केली. २००३ च्या आरंभी प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार १२९ डिस्क वाचता आल्या, आणि त्यांपैकी नीट पुसलेल्या केवळ १२ निघाल्या. उरलेल्या डिस्कांवर क्रेडिट कार्डांचे क्रमांक, वैद्यकीय पत्रव्यवहार, खाजगी ईमेल असा मजकूर आढळला. एक डिस्क तर इलिनॉयमधील रोख रक्कम देणाऱ्या यंत्रातली असावी असे तिच्यावरील नोंदींवरून दिसले. यांतील अनेक डिस्क फॉरमॅट केलेल्या होत्या. म्हणजे पूर्वीच्या मालकांनी निष्काळजीपणा केला असे सरसकट म्हणता येणार नाही. आपण मजकूर पुसला, अशी त्यांची समजूत होती.

मग मजकूर खरोखर नाहीसा कसा करावा? चुंबकीय हार्ड डिस्कपुरते याचे उत्तर सरळ आहे : सबंध डिस्कवर, पहिल्या स्थानापासून शेवटच्या स्थानापर्यंत, शून्ये लिहावीत. या अधिलेखनाबाबत मात्र एक वाद पुष्कळ वर्षे चालला. ठोकून सपाट केलेल्या ताम्रपटावर नवा लेख कोरला, तरी क्वचित् खालच्या लेखाच्या खुणा पुराभिलेखवेत्त्याच्या दृष्टीस पडतात. चुंबकीय पृष्ठावरही तद्वत् जुन्या लेखनाच्या खुणा राहत असतील, आणि सूक्ष्म उपकरणांनी त्या वाचता येत असतील, अशी शंका होती. न्यूझीलंडमधील ऑकलंडचे पीटर गुटमन यांनी १९९६ च्या निबंधात ही शंका मांडली आणि तत्कालीन निरनिराळ्या लेखनपद्धती लक्षात घेऊन एकूण ३५ अधिलेखनांचा क्रम सुचविला. त्या ३५ पैकी बहुतेक अधिलेखने विशिष्ट जातीच्या डिस्कांसाठी होती. कोणत्याही एका डिस्कला ती सर्व लागत नव्हती. तथापि ‘पस्तीस’ हा आकडा लोकांच्या मनात असा काही ठसला की त्याला मंत्राच्या जपसंख्येचे स्वरूप आले. पुढे गुटमन यांनीच निबंधाला पुरवणी जोडून या अंधानुकरणाविषयी नापसंती व्यक्त केली.

या वादावरील एक महत्त्वाचा निबंध भारतात वाचला गेला. डिसेंबर २००८ मध्ये हैदराबाद येथे भरलेल्या माहिती-सुरक्षाविषयक आंतरराष्ट्रीय परिषदेत राइट व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रत्यक्ष सूक्ष्मदर्शकीय परीक्षणाचे निष्कर्ष मांडले. एकदा अधिलेखन झाल्यावर सुटा एखादा बिट ओळखण्याची शक्यता नाणेफेकीहून फारशी अधिक राहत नाही, आणि सलग अर्थपूर्ण मजकूर परत मिळविणे व्यवहारतः अशक्य होते, असे त्यांनी दाखविले. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेच्या २०१४ च्या मार्गदर्शिकेनेही चुंबकीय डिस्कसाठी शून्यांचे एकच अधिलेखन सामान्यतः पुरेसे असल्याचा निर्वाळा दिला. तेव्हा आजही ‘सात वेळा पुसणे’ किंवा ‘पस्तीस वेळा पुसणे’ यांसाठी शुल्क आकारणाऱ्याकडून ग्राहकाला मिळते ते मुख्यतः मनःशांती होय.

विंडोजमध्ये हे अधिलेखन करणारी आज्ञा उपलब्ध आहे. तिचे स्वरूप मात्र फसवे आहे. ‘डिस्कपार्ट’ या साधनात ‘क्लीन’ अशी आज्ञा दिली तर पार्टिशनांच्या नोंदी तेवढ्या जातात. ‘क्लीन ऑल’ अशी दिली तर डिस्कच्या प्रत्येक स्थानी शून्य लिहिले जाते. पहिली क्षणार्धात संपते, दुसरीला मोठ्या डिस्कवर कित्येक तास लागतात. एका शब्दाच्या अंतराने निवेदकांची यादी नष्ट होते किंवा उरते.

येथवरचे विवेचन चुंबकीय डिस्कला लागू आहे. अलीकडच्या लॅपटॉपांमध्ये मात्र तिची जागा एस.एस.डी.ने घेतली आहे, आणि तिचा स्वभावच निराळा आहे. तिच्यात फिरणारी तबकडी नसते. सूक्ष्म कोशांत विद्युत्-भार कोंडून मजकूर राखलेला असतो. तिच्यात लिहिण्याचे एकक लहान असते, त्यास पृष्ठ म्हणतात. पुसण्याचे एकक मोठे असते, त्यास ब्लॉक म्हणतात. लिहिलेल्या पृष्ठावर पुन्हा थेट लिहिता येत नाही, त्यासाठी सबंध ब्लॉक आधी पुसावा लागतो. शिवाय प्रत्येक ब्लॉक ठराविक वेळाच पुसला जाऊ शकतो, पुढे तो झिजतो. ही झीज सर्वत्र सारखी वाटली जावी म्हणून आतील नियंत्रक एक युक्ती योजतो. संगणकाने ‘याच जागी नवे लिही’ असे सांगितले तरी तो नवे लेखन दुसऱ्याच ब्लॉकात करतो आणि जुना ब्लॉक सवडीने पुसण्यासाठी बाजूला ठेवतो. याखेरीज काही जागा त्याने स्वतःसाठी राखून ठेवलेली असते. ती संगणकाला दिसतही नाही. म्हणजे येथे अधिलेखन करणारा ज्या जागी लिहीत असल्याचे समजतो, त्या जागी तो लिहीत नसतो.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतील वेई, ग्रुप, स्पाडा व स्वॉन्सन यांनी २०११ मध्ये नेमका हाच प्रश्न तपासला. चिप सोडवून थेट वाचण्याची व्यवस्था त्यांनी केली, आणि पुसल्यानंतर प्रत्यक्षात काय उरते ते पाहिले. एकेक फाइल अधिलेखनाने पुसण्याच्या ज्या पद्धती चुंबकीय डिस्कसाठी रूढ होत्या, त्यांपैकी एकही एस.एस.डी.वर परिणामकारक ठरली नाही. सबंध ड्राइव्ह दोनदा भरून काढणे बहुधा पुरले, परंतु नेहमीच नाही. ड्राइव्हमध्येच अंतर्भूत असलेली ‘सिक्युअर इरेज’ ही आज्ञा योग्य रीतीने बनविलेली असेल तेथे उत्तम ठरली. पण काही उत्पादकांनी ती सदोष बनविली होती, आणि एका ड्राइव्हने काम फत्ते झाल्याची वर्दी दिली असता मजकूर पूर्णपणे जागेवरच होता.

त्यानंतर ड्राइव्ह सुधारले आहेत. फाइल पुसली गेल्याचे प्रणाली ‘ट्रिम’ नावाच्या आज्ञेने ड्राइव्हला कळविते, त्यामुळे आज एस.एस.डी. फॉरमॅट केल्यावर सामान्य पुनर्प्राप्ती-साधनांच्या हाती बहुधा काही लागत नाही. परंतु ‘बहुधा लागत नाही’ आणि ‘शिल्लक नाही’ यांत भेद आहे. यास्तव एस.एस.डी.साठी दोन मार्ग इष्ट होत. एक, ड्राइव्हच्या उत्पादकाने दिलेल्या साधनातून अथवा लॅपटॉपच्या बायोसमधून ‘सिक्युअर इरेज’ किंवा ‘सॅनिटाइझ’ ही आज्ञा देणे. कार्यालयीन वापरासाठी बनविलेल्या पुष्कळ लॅपटॉपांत ती सोय असते. दुसरा मार्ग मूलगामी आहे : मजकूर पहिल्या दिवसापासून कूटलेखनातच साठविणे. बिटलॉकरसारख्या साधनाने सबंध ड्राइव्ह कूटबद्ध केला की कोशांत जे उरते ते किल्लीवाचून निरर्थक असते. विक्रीच्या वेळी किल्ली नष्ट केली म्हणजे कोणत्या ब्लॉकात काय राहिले याची चिंता करावी लागत नाही. येथे दोन इशारे अगत्याचे आहेत. वापरात असलेला ड्राइव्ह मागाहून कूटबद्ध करताना केवळ भरलेला भाग नव्हे, तर सबंध ड्राइव्ह कूटबद्ध करण्याचा पर्याय निवडावा. आणि पुनर्प्राप्तीची किल्ली कागदावर लिहून वेगळी ठेवावी. ती हरवली तर प्रबंधाची अवस्था विकलेल्या लॅपटॉपमधील मजकुरासारखीच होते.

विंडोजमधील ‘रीसेट’ या सोयीचा उल्लेख येथे केला पाहिजे, कारण बहुसंख्य लोक तीच वापरतात. तिच्यात ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ निवडूनही पुढे ‘क्लीन डेटा’ हा स्वतंत्र पर्याय चालू करावा लागतो. तो चालू केला तरी ही सोय घरगुती वापरासाठी आहे व शासकीय वा औद्योगिक मानकांची पूर्तता करीत नाही, असे मायक्रोसॉफ्ट स्वतःच सांगते. सुट्टीतील छायाचित्रांना ती पुरेशी आहे. निवेदकांच्या यादीसाठी तिच्यावर विसंबू नये.

पुसण्यापूर्वी मजकुराची प्रत काढून ठेवावी हे सांगणे नको. तथापि मराठी भाषेत काम करणाऱ्यांच्या वाट्याला यात एक खास अडचण येते. युनिकोड रूढ होण्यापूर्वी श्रीलिपी, आय.एस.एम. इत्यादी साधनांच्या फाँटांत लिहिलेले प्रबंध, कोशकार्याच्या नोंदी व मुलाखती आजही विभागांतील जुन्या संगणकांवर पडून आहेत. त्या फाइलींत प्रत्यक्षात देवनागरी अक्षरे नसतातच. रोमन वर्णांसाठी नेमलेले संकेतांक असतात आणि विशिष्ट फाँट त्यांना देवनागरीचे रूप देतो. फाइल जपली आणि फाँट पुसला गेला, तर उघडल्यावर रोमन चिन्हांची रांग दिसते. अशी हानी चोरीहून दुःखद म्हटली पाहिजे, कारण मजकूर सर्व असतो आणि वाचता मात्र येत नाही. म्हणून जुने यंत्र पुसण्यापूर्वी फाँटांच्या फाइली मजकुराबरोबर ठेवाव्यात, शक्य तेथे मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करावा, आणि प्रत्येक महत्त्वाच्या फाइलीची पी.डी.एफ. प्रत काढावी. रूपांतरात जोडाक्षरे व रफार यांच्या चुका राहतात. त्या ताडून पाहण्यास ही प्रत उपयोगी पडते.

आता ग्राहकाच्या बाजूने. दुकानदाराने ‘टाकून दिलेले’ विंडोज जसेच्या तसे वापरणे युक्त नाही. ते कोणत्या पेनड्राइव्हवरून आले, त्याचा परवाना खरा की ‘ॲक्टिव्हेटर’ नामक कार्यक्रमाने खोटा भासविलेला, हे ग्राहकाला कळण्याचा मार्ग नसतो. आणि असा कार्यक्रम सोबत काय आणतो हेही कळत नाही. तेव्हा विश्वासाच्या दुसऱ्या संगणकावर, मायक्रोसॉफ्टच्या मूळ स्थळावरून, किमान आठ गिगाबाइटच्या पेनड्राइव्हवर स्थापनासंच तयार करावा. तो लॅपटॉपला जोडून यंत्र त्यावरून सुरू करावे, जुनी सर्व पार्टिशने काढावीत आणि रिकाम्या जागेवर प्रणाली बसवावी. परवान्याचा खर्च बहुधा येत नाही. २०१२ च्या विंडोज ८ पासून मूळ उत्पादकाने दिलेल्या परवान्याची किल्ली लॅपटॉपच्या फर्मवेअरमध्येच असते, आणि विंडोज १० पासून परवाना यंत्राच्या ओळखीशीही जोडला जाऊ लागला. तीच आवृत्ती बसविली की इंटरनेट जोडताच ती मान्य होते.

अडचण येते ती प्रणालीच्या निवडीत. विंडोज १० ची नियमित सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. मुदतीची विस्तारित योजना काय ती उरली. विंडोज ११ साठी टी.पी.एम. २.० ही चिप व, काही अपवाद वगळता, इंटेलच्या आठव्या अथवा त्यापुढील पिढीचा प्रोसेसर लागतो. बाजारात स्वस्त मिळणारे पुष्कळ लॅपटॉप सहाव्या-सातव्या पिढीचे असतात. अशा यंत्रावर अधिकृत अटी डावलून विंडोज ११ बसविण्याच्या क्लृप्त्या आहेत, परंतु पुढील दुरुस्त्या मिळतच राहतील याची हमी त्यांत नाही. त्यापेक्षा उबंटू, डेबियन किंवा लिनक्स मिंट बसविणे शहाणपणाचे. इन्स्क्रिप्ट कळफलक त्यांत अंगभूत आहे आणि मराठी युनिकोड लेखनाला कोणतीही बाधा येत नाही. जुन्या फाँटांची साधने मात्र बहुतांशी विंडोजसाठीच बनलेली आहेत, हे निवड करताना ध्यानात घ्यावे.

पैसे देण्यापूर्वी आणखी एक परीक्षा आवश्यक आहे. कंपन्या आपली यंत्रे मायक्रोसॉफ्टच्या ‘ऑटोपायलट’सारख्या व्यवस्थेत नोंदवितात. ही नोंद डिस्कवर नसून दूरस्थ सर्व्हरवर, यंत्राच्या ओळखीनिशी असते. त्यामुळे डिस्क पुसा अथवा बदला, नव्या स्थापनेच्या वेळी इंटरनेट जोडताच यंत्र त्या कंपनीचे नाव दाखवून कर्मचाऱ्याचे खाते मागते. ही नोंद मूळ संस्थाच काढू शकते. इंटरनेट न जोडता स्थापना पूर्ण करून अनेकदा हा पडदा टाळला जातो, आणि दुकानात यंत्र सुरळीत चालताना दिसते. पुढे घरी पुनःस्थापना करताना तो उभा राहतो. ॲपलच्या यंत्रांत पूर्वीच्या मालकाने आपले खाते काढले नसेल तर ‘ॲक्टिव्हेशन लॉक’ असाच आड येतो. बायोसला पासवर्ड असेल तर काही कार्यालयीन लॅपटॉपांत मदरबोर्ड बदलण्यावाचून गती नसते. यास्तव दुकानातच, मोबाइलचे इंटरनेट जोडून, नवी स्थापना आरंभापासून करून पाहावी आणि अनुक्रमांक नोंदलेली पावती घ्यावी. विक्रेता यास नकार देत असेल तर व्यवहार तेथेच सोडावा.

डिस्कच्याही खाली असलेला फर्मवेअरचा थर पुनःस्थापनेच्या कक्षेबाहेर राहतो. २०१५ मध्ये लेनोव्होच्या काही लॅपटॉपांत असे आढळले की विंडोज नव्याने बसविले तरी फर्मवेअर कंपनीचा कार्यक्रम त्यात पुन्हा घालीत असे. कंपनीने नंतर ते थांबविणारे फर्मवेअर प्रसृत केले. २०१८ मध्ये ‘एसेट’ या स्लोव्हाकियातील कंपनीने ‘लोजॅक्स’ नावाचा घातक कार्यक्रम उघडकीस आणला. तो फर्मवेअरच्या चिपमध्ये वस्ती करीत असल्याने डिस्क बदलूनही जात नसे. त्याचे लक्ष्य मध्य व पूर्व युरोपातील आणि बाल्कन प्रदेशातील शासकीय संस्था हे होते, एम.ए.च्या विद्यार्थ्याने त्याची धास्ती घेण्याचे कारण नाही. उत्पादकाच्या स्थळावरील ताजे फर्मवेअर बसविणे व ‘सिक्युअर बूट’ चालू ठेवणे एवढे पुरे.

पुसल्याची पडताळणी नवी प्रणाली बसविण्यापूर्वीच करावी. नंतर केली तर नव्या फाइलींच्या गर्दीत जुने काय हे उमगत नाही. लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून यंत्र सुरू करून ‘फोटोरेक’ हे विनामूल्य साधन चालवावे. चुंबकीय डिस्कवर त्याला काहीही सापडू नये. एस.एस.डी.च्या राखीव ब्लॉकांपर्यंत मात्र त्याची पोच नाही. विभागाने आपली यंत्रे निकालात काढताना अनुक्रमांक, पुसण्याची रीत, पडताळणीची तारीख व करणाऱ्याची सही अशी नोंद जडवस्तूंच्या वहीत ठेवल्यास पुढचे प्रश्न उरत नाहीत.

बंद पडलेल्या ड्राइव्हला कोणतीच आज्ञा देता येत नाही. तो मोडावा लागतो, आणि येथेही जातिभेद आहे. चुंबकीय डिस्कच्या तबकड्या काढून त्यांचे तुकडे करावेत किंवा त्या वाकवून निकामी कराव्यात. एस.एस.डी.च्या पट्टीवर मात्र साठवणीच्या चिपा अनेकदा एकाहून अधिक असतात. मध्ये एक छिद्र पाडले तर ते दोन चिपांच्या मधूनही जाऊ शकते, म्हणून प्रत्येक चिप वेगळी फोडली पाहिजे. उरलेले अवशेष रद्दीवाल्याकडे न देता, १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या ई-कचरा नियमांनुसार, नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडे द्यावेत आणि त्याची पोच वहीतील त्याच नोंदीला जोडावी.